काव्यातला घोडा

'कावा' म्हटलं की आपल्याला कपट आठवतं. पण मंडळी, हा मुळात घोड्याचा शब्द, फारसीतून आलेला. लांब दोरीवर घोडा धरायचा, आपण मध्ये उभं राहायचं आणि त्याला गोल फिरवायचं, हे कावा देणं. आजचे शिक्षक त्या वर्तुळात जमिनीवर दांडे मांडतात. दुडक्या चालीसाठी साधारण सव्वा मीटर अंतरावर. पाठीवर स्वार नसतो. घोडा मान खाली घालतो, दांडा पाहतो आणि पाय उचलून नेमका टाकायला शिकतो.

धरमपुरीला नर्मदेकाठी उभा असताना मला हे आठवलं. २५ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी आप्पांची फौज नदी उतरून इथे मुक्कामाला आली. होय, १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेणारे तेच चिमाजी. सोबत उदाजी पवार होते. २७ तारखेला मांडूजवळचा घाट चढून फौज नालछाला पोचली. २९ तारखेला अमझेऱ्याच्या लढाईत मोगल सुभेदार गिरधर बहादूर पडला. माळव्याची वाट मोकळी झाली. धार आणि देवासला पवारांची राज्यं नांदली.

पाच दिवसांत नदी, घाट, लढाई! इतिहासात सरदारांची नावं आहेत. घोडे शिकवणाऱ्या चाबूकस्वारांची नाहीत. त्यांचा एक शब्द उरला, आणि त्याचंही आपण कपट करून टाकलं.