गीझरमधला बळीचा बकरा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या शिडाच्या बोटीवर रात्रीच्या मुक्कामाला गेलो होतो. 'आमच्या' म्हणजे माझी आणि एका मित्राची, अर्धी-अर्धी. तीस फुटी, जुनी, चेसापीक उपसागरातल्या एका धक्क्याला बांधलेली. पहाटे दोनच्या सुमारास तळातला पंप घुर्र करून सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. बोटीवर झोपलेल्या माणसाला या आवाजाने जशी खाडकन जाग येते तशी दुसऱ्या कशानेच येत नाही. टॉर्च घेऊन फळ्या उचलल्या, तर खाली पाणी! बोट बुडतेय की काय या भीतीने त्या पाण्यात बोट बुडवून चाखलं. गोडं निघालं. आणि चक्क कोमट.

म्हणजे समुद्र आत आला नव्हता. आमचा गीझर फुटला होता.

बोटीवरचा गीझर ही एक मजेशीर चीज असते. जेमतेम वीस-बावीस लिटरची टाकी, बाकाखाली कोंबलेली. आत तांब्याच्या नळीचं एक वेटोळं. इंजिन थंड ठेवायला त्यात जे पाणी खेळतं, ते तापून या वेटोळ्यातून फिरतं आणि टाकीतलं पाणी तापवतं. तासभर इंजिन चाललं की आंघोळीची सोय झाली, तीही फुकटात. धक्क्याला लागलात की विजेवरही चालतो. याची दुखणी मला पाठ होती. इंजिन चालूनही पाणी गार राहिलं तर वेटोळ्यात हवा अडकली समजायचं आणि वरचा नळीचा जोड सैल करून ती काढायची. टाकी रिकामी असताना विजेचं बटण दाबायचं नाही, कॉइल बघता बघता जळते. हिवाळ्याआधी पाणी काढून टाकायचं, नाहीतर गोठून टाकी फुटते. एवढं येतं म्हणून मी स्वतःला तज्ज्ञ समजत होतो.

फक्त एका बोल्टला मी सहा वर्षांत हात लावला नव्हता. त्या बोल्टला आतल्या बाजूने मॅग्नेशियमची एक दांडी जोडलेली असते. बोटीच्या आधीच्या मालकाने दिलेल्या वहीत स्पष्ट लिहिलं होतं, दरवर्षी काढून बघणे. पण गरम पाणी येतंय ना, मग कशाला उगीच उघडा, असं म्हणत मी ते पुढे ढकललं. टाकी बाहेर काढून बोल्ट उघडला तेव्हा दांडी नव्हतीच. उदबत्ती जळून गेल्यावर काडी उरते तशी एक बारीक पोलादी तार तेवढी लोंबत होती.

टाकी पोलादाची, आतून काचेचा मुलामा दिलेली. त्या मुलाम्यात कुठे ना कुठे बारीक छिद्रं राहतातच आणि तिथून गंज सुरू होतो. पण पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडून ठेवले, तर त्यातला जास्त उतावळा धातू विरघळतो आणि दुसरा वाचतो. दांडी झिजते, टाकी टिकते. या दांडीला म्हणतात 'सॅक्रिफिशियल ऍनोड'. थोडक्यात, बळीचा बकरा. माझा बकरा कधीच संपला होता, आणि मग पाळी टाकीची आली.

हे लोकांना कळलं कधी, म्हणून वाचायला लागलो आणि थेट ब्रिटिश नौदलात जाऊन पोहोचलो. लाकडी जहाजांचा तळ किडे पोखरायचे, त्यावर शेवाळ आणि बार्नॅकल चिकटायची. यावर उपाय म्हणून १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडीजची फेरी करून जहाज परतलं. तांबं ठीक होतं, पण त्याला टेकलेले लोखंडी खिळे पार सडले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. का? तर तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे तिथे चुकून मधे राहिले होते! जे लक्षात यायला हवं होतं ते एका आळशी कामगाराने दाखवून दिलं.

पुढे तांब्याच्याच झिजण्याचा खर्च नौदलाला जड जायला लागला आणि प्रश्न हम्फ्री डेव्ही यांच्याकडे गेला. खाणकामगारांचा सुरक्षित दिवा करणारे ते हेच. तेव्हा ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८२४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा चाळीस-पन्नास चौरस इंच तांबं वाचवू शकतो. लोखंडानेही तेच काम होतं. 'समरंग' नावाच्या जहाजाला बिडाचे तुकडे बसवले गेले. हे जहाज आपल्याकडचं, कोचीनला बांधलेलं. ते नोव्हा स्कोशियाला जाऊन आलं आणि तांबं खरोखरच वाचलं होतं.

पण इथेच गोची झाली. तांबं थोडं थोडं विरघळतं, ते विष असतं, म्हणूनच त्यावर शेवाळ आणि बार्नॅकल टिकत नाहीत. डेव्हींनी तांब्याचं विरघळणं थांबवलं आणि जहाजांच्या तळावर जंगल माजलं. तळ खरखरीत झाला की जहाज रखडतं. १८२५ मध्ये नौदलाने समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरून हे तुकडे काढून टाकायचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं. डेव्हींना हे फार लागलं. तब्येत ढासळली, १८२७ मध्ये अध्यक्षपद सोडलं आणि १८२९ मध्ये जिनिव्हात ते वारले. वय अवघं पन्नास.

शास्त्र चुकलं नव्हतं, हे मला राहून राहून जाणवतं. फक्त ज्याला झिजू द्यायला हवं होतं त्यालाच त्यांनी वाचवलं. हीच कल्पना शंभर वर्षांनी, १९२८ मध्ये, रॉबर्ट कून यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये विजेच्या साहाय्याने जमिनीतल्या गॅसच्या पाइपांसाठी वापरली आणि ती यशस्वी झाली. आणि माझ्या गीझरमधलं ते मॅग्नेशियम? तो धातू पहिल्यांदा वेगळा काढला तोही डेव्हींनीच, १८०८ मध्ये.

आमच्या बोटीच्या तळाला जो रंग आहे त्यात तांबं असतं, हळूहळू विरघळावं म्हणूनच घातलेलं. पंख्याच्या दांड्यावर जस्त असतं, तेही झिजण्यासाठीच. ते दोन्ही मी दरवर्षी न चुकता बदलतो, कारण बोट पाण्याबाहेर काढली की ते डोळ्यांसमोर येतं. आतलं दिसत नव्हतं, म्हणून राहिलं. झिजणं काही टळत नाही. कुणी झिजायचं एवढंच आपल्या हातात असतं, आणि जो झिजतोय त्याच्याकडे अधूनमधून बघणं.

नव्या गीझरचे अर्धे पैसे मित्राने काही न बोलता दिले. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या आधीच्या मालकाची वही त्यालाही माहीत आहे. गेली सहा वर्षं बोटीची अशी बहुतेक कामं तोच करत आलाय आणि मी त्याला कधी 'तुझं कसं चाललंय' असं विचारल्याचं मला आठवत नाही.

असो. वहीत नव्या दांडीची तारीख घातली आहे. येत्या शनिवारी बोल्ट उघडून बघायचाय. त्यालाही बोलावलंय. काम नाही सांगणार, नुसता चहाला.