जॅझ वादकांची वेशभूषा
विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकी जॅझ वादकांनी प्रतिष्ठा मिळवून दिलेली पुरुषांची पोशाखशैली. खांद्यांत भर नसलेला सरळ कोट, टोकांना गुंड्या लावलेल्या कॉलरचा सदरा आणि अरुंद टाय हे तिचे रूप १९५०च्या दशकात माइल्स डेव्हिस यांच्यामुळे ठसले. त्यापूर्वी वाद्यवृंदांत डिनर जॅकेट, म्हणजे रेशमी गळपट्टीचा सायंकालीन कोट, आणि बो टाय रूढ होते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि पुढे तेथील गोमंतकीय वादकांनीही असा नेटका, रुबाबदार वेश आपलासा केला. त्यांपैकी ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांचे संगीत लाभलेल्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटात आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसले.