आधी निखारा, मग कढई

सॅन दिएगोच्या आमच्या घरी मासा भाजून टाको केले, की पाहुण्यांतला एखादा तरी म्हणतोच, "म्हणजे डाएटवाला!" खरा फिश टाको तळलेलाच, हे इथे सर्वमान्य आहे. बिअरमध्ये कालवलेल्या मैद्यात बुडवून तळलेला तुकडा, मक्याची तोर्तिया, वर चिरलेला कोबी, पांढरा सॉस, लिंबू. सीमेपलीकडे एन्सेनादा आणि सान फेलिपे ही दोन्ही गावं त्याच्या जन्मावर हक्क सांगतात. कॉलेजात असताना राल्फ रुबिओ सान फेलिपेला तो खाऊन आले आणि १९८३ साली आमच्या मिशन बे भागात त्यांनी छोटंसं दुकान काढलं. अमेरिकेला फिश टाकोची गोडी लागली ती बरीचशी तिथूनच.

पाहुण्यांशी वाद कोण घालणार? पण मी मालवणकडची. भाजलेल्या बांगड्याला कुणी तळलेल्याचा गरीब भाऊ ठरवलं, तर मला लागतं.

त्या तळणीतला एकेक जिन्नस तपासून बघा. गहू जहाजातून आला. कोबी, कोथिंबीर, लिंबू, दुधावरची साय, सगळं जहाजातूनच. १५१९ साली स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला त्याआधी तिथे डुकरं नव्हती, गाईम्हशी नव्हत्या, म्हणजे कढईभर तळण करावं इतकी चरबीही नव्हती. उकडायचं, वाफवायचं, नाहीतर निखाऱ्यावर भाजायचं. मिरची, मका, टोमॅटो आणि अवोकाडो मात्र तिथलेच. त्यातली मिरची पुढे पोर्तुगिजांच्या गलबतांतून आमच्या शेजारच्या गोव्यात उतरली आणि आता आम्ही तिला आमचीच म्हणतो, तो भाग वेगळा.

अर्थात इथे मला माझाच मुद्दा थोडा आवरता घ्यावा लागतो. बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे मूळ लोक मासे धरत, भाजत, पण मका पिकवणारे ते नव्हेत. १६९७ साली जेझुइट पाद्र्यांनी लोरेतोला मिशन उभारलं, आणि मग त्या कोरड्या द्वीपकल्पात मक्याची शेती हळूहळू पसरली. म्हणजे तिथे भाजलेल्या मासळीची आणि तोर्तियेची गाठही उशिराच पडली. तरी बिअरच्या मैद्यापेक्षा लवकर! "टाको" हा शब्द तर आणखी अलीकडचा. जेफ्री पिल्चर या इतिहासकाराच्या मते तो चांदीच्या खाणीतला: दगड फोडायला कागदात सुरुंगाची दारू गुंडाळून भोकात ठासत, त्या पुडीला टाको म्हणत. पुडी बघितलीत तर पटतं.

तळणीबद्दल एन्सेनादात दुसरीच कथा सांगतात, की जपानी मच्छीमारांनी तेंपुरा शिकवला. तेंपुरा जपानला पोर्तुगिजांनी दिला म्हणतात, त्यामुळे ही कथा जगाला गोल वळसा घालून येते. मला ती फारशी पटत नाही. मासा पिठात घोळवून तळणं स्पॅनिश बायकांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

माझा जीव खरा अडकतो तो तोर्तियेत. आमच्याकडे मक्याची भाकरी थापायची म्हणजे उकळतं पाणी, भरपूर मळणं आणि तरी कडा फाटणारच. इथलं "मासा" नावाचं मक्याचं पीठ (मासळीशी संबंध नाही) नुसत्या कोमट पाण्यात लोण्यासारखं मळतं. त्याचं गुपित आहे चुना, पानाला लावतात तोच. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर ठेवायचा, सालं धुऊन वाटायचा. अशा चुन्यात शिजवलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात. चुन्याने पीठ बांधलं जातं आणि मक्यातलं नायसिन अंगी लागतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावाचा पेलाग्रा हा आजार झाला.

मासा भाजायचा म्हटलं तर सोपा. मी माहीमाही घेते, मिठाबरोबर लाल मिरचीची पूड, लसूण आणि तेल चोळते. लिंबू शेवटी, नाहीतर मासा आधीच आंबटून विरतो. पहिल्या खेपेला घाईघाईने उलटला आणि अर्धा जाळीतून कोळशात गेला. फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मासो आपोआप सुटता, तोवर हात लावू नको गो." जाळी कडकडीत तापवून तेलाचं फडकं फिरवायचं आणि गप्प उभं राहायचं. मेक्सिकोच्या नायारित राज्यात मेक्सकाल्तितान नावाचं बेट आहे. तिथले कोळी मासा उभा चिरून, उलगडून, मिरचीचं वाटण लावून जाळीवर भाजतात, त्याला सारांदेआदो म्हणतात. सारांदा म्हणजे जाळी. चित्र पाहिलं तेव्हा मला आमची मागची पडवी आठवली.

परवा पुन्हा एक पाहुणा आला. "आज तळला नाहीस?" म्हणाला. मी त्याच्या हातात चिमटा दिला आणि सांगितलं, तू बघ, मासा सुटतोय का.