दोन चाचे आणि एक गुत्ता

आमच्या घराण्यात गुत्त्याची पायरी चढलेला पहिला पुरुष मी. आणि तीही इतिहासासाठी चढलो, हे आधीच सांगून टाकतो. लंडनला भाच्याकडे गेलो होतो. राजवाडे बघून पाय बोलायला लागले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, आज बसून बघायचं ऐतिहासिक स्थळ दाखवतो."

१८४३ साली खुल्या झालेल्या ब्रुनेलच्या बोगद्यातून, म्हणजे थेम्सच्या पोटाखालून, आगगाडीनं वॉपिंगला उतरलो. नदीकाठचं ते स्थळ म्हणजे 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिट्बी'. स्थापना १५२० ची सांगतात. मधे इमारत जळली, पुन्हा बांधली. दगडी फरशी तेवढी जुनी. मी संत्र्याचा रस मागितला. काउंटरवरच्या बाईंनी नुकत्याच टायफॉइडमधून उठलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

ग्लास घेऊन नदीच्या अंगाला गेलो, तर समोर फासाचा दोर लोंबतोय!

"घाबरू नका मामा, शोभेचा आहे."

दोर शोभेचा, पण गोष्ट खरी. याच काठावर 'एक्झिक्यूशन डॉक' होता. चाच्यांना इथं ओहोटीच्या चिखलात फाशी देत, कारण पाण्याची हद्द नौदलाच्या न्यायालयाची. शेवटची फाशी १८३० ची. सर्वांत गाजलेली २३ मे १७०१ ची, कॅप्टन विल्यम किडची. पहिल्या खेपेला दोर तुटला, म्हणून बिचाऱ्याला पुन्हा चढवला. सरकारी खरेदी तिकडेही तशीच!

हा किड मुळात राजाची सनद घेऊन चाचे पकडायला निघालेला. जानेवारी १६९८ मध्ये त्यानं मलबार किनाऱ्याजवळ सुरतेला चाललेलं 'क्वेदा मर्चंट' जहाज धरलं. जहाजाजवळ फ्रेंचांचा परवाना, फ्रेंच म्हणजे शत्रू, तेव्हा लूट कायदेशीर, असा त्याचा हिशेब. पण मालात मोगल दरबारातल्या वजनदार माणसाचा वाटा निघाला. सुरतेत मोगल अधिकारी इंग्रज कंपनीवर उलटले आणि कंपनीला तर धंदा सांभाळायचा होता. खटल्यात किडनं ते परवाने मागितले, पण ते कोर्टापुढे आलेच नाहीत. विसाव्या शतकात सापडले. कुठं, तर लंडनच्याच सरकारी दप्तरात! माणूस काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. आपल्याच गोलंदाजाला (क्रिकेटच्या नव्हे, तोफेच्या) बादली हाणून मारल्याचा गुन्हाही त्याच्यावर शाबीत झाला होता. पण फासाआधी त्याचा कागद तरी बघायचा!

मला आपले सरखेल कान्होजी आंग्रे आठवले. त्यांचा दस्तक घेतल्याशिवाय कोकण किनाऱ्यावरून जाऊ पाहणाऱ्या जहाजांना ते धरत. इंग्रजांच्या दप्तरात तेही चाचे. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. फासाला माणूस आधी हाती लागावा लागतो. आज मुंबईत त्यांच्या नावानं नौदलाचा तळ आहे, 'आयएनएस आंग्रे'. चाचा कोण आणि सरखेल कोण, हे शेवटी दप्तर कुणाच्या ताब्यात त्यावर ठरतं.

परतताना वाटेत दुसरा गुत्ता लागला. नाव 'कॅप्टन किड'. ज्याला टांगला, त्याच्याच नावाची पाटी टांगलेली!

"मामा, आत जायचं?"

गेलो. पुन्हा संत्र्याचा रस. या खेपेला मात्र पावती मागून घेतली आणि घडी घालून आतल्या खिशात ठेवली. घरी गेल्यावर हिनं विचारलं, तर कागद जवळ असलेला बरा.