आयुष्यभरातील आघातांची गणना : एका संशोधनसाधनाचा इतिहास

एखाद्या व्यक्तीने आयुष्यात किती आघातजन्य प्रसंग अनुभवले, हा प्रश्न मानसिक आरोग्याच्या संशोधनात आज सर्रास विचारला जातो. तो विचारण्याची रीत मात्र वारंवार बदलत गेली आणि तिच्याबरोबर आघातग्रस्तांची संख्याही बदलली. प्रस्तुत निबंधात या प्रवासाचा विचार प्रामुख्याने अमेरिकेतील संशोधनाच्या आधारे केला आहे.

१९६७ साली थॉमस होम्स व रिचर्ड राहे यांनी ४३ जीवनघटनांची श्रेणी सिद्ध केली. जोडीदाराच्या मृत्यूस १०० गुण, तर विवाहास ५० गुण होते. नाताळ आणि सुटीतील प्रवासही त्या यादीत होते. युद्ध व बलात्कार यांना मात्र तीत स्थान नव्हते. ही उणीव भरून निघण्यास संशोधकांपेक्षा आघात सोसलेल्यांचा दबाव अधिक कारणीभूत ठरला. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी आपल्या दुखण्याला नाव मागितले. अॅन बर्जेस व लिंडा होमस्ट्रॉम यांनी बॉस्टन येथील बलात्कारपीडित स्त्रियांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. १९८० च्या डीएसएम-३ या निदानपुस्तिकेत आघातोत्तर तणाव विकृतीस मान्यता मिळाली. परंतु घटना सामान्य मानवी अनुभवाच्या कक्षेबाहेरची असावी, अशी अट तीत होती.

ही अट सर्वेक्षणांपुढे टिकली नाही. नाओमी ब्रेस्लाऊ व सहकाऱ्यांनी डेट्रॉइट परिसरातील १,००७ तरुणांना आघाताविषयी एकच व्यापक प्रश्न विचारला, तेव्हा ३९.१ टक्के व्यक्तींनी आघात नोंदविला (१९९१). त्याच परिसरात पुढे २,१८१ व्यक्तींसमोर १९ प्रकारच्या घटना एकेक करून मांडण्यात आल्या, तेव्हा हे प्रमाण ८९.६ टक्क्यांवर गेले (१९९८). दोन्ही नमुने वेगळे होते आणि दरम्यान १९९४ च्या डीएसएम-४ ने व्याख्याही रुंदावली होती, हे मान्य करावे लागेल. तरीही डेट्रॉइटचे जीवन सात वर्षांत दुपटीने भीषण झाले, असे कोणी म्हणणार नाही. विचारले गेले नाही म्हणून सांगितले गेले नाही, असे पुष्कळ काही पहिल्या अभ्यासाबाहेर राहिले होते.

रोनाल्ड केसलर यांच्या १९९५ च्या राष्ट्रीय पाहणीत याची जाण दिसते. उत्तरदात्याच्या हाती घटनांची पुस्तिका देऊन प्रश्न केवळ क्रमांकाने विचारला जाई. ‘बलात्कार’ हा शब्द उच्चारण्याची वेळ कोणावर येत नसे. त्या पाहणीत ६०.७ टक्के पुरुषांनी व ५१.२ टक्के स्त्रियांनी किमान एक आघात नोंदविला. विकृतीचे प्रमाण मात्र स्त्रियांत १०.४ व पुरुषांत ५ टक्के, म्हणजे दुप्पट होते.

स्मृतीचा प्रश्न याहून अवघड आहे. स्टीव्हन साउथविक व सहकाऱ्यांनी आखाती युद्धातील ५९ सैनिकांना युद्धानंतर एक महिन्याने व पुन्हा दोन वर्षांनी तीच प्रश्नावली दिली. ८८ टक्के सैनिकांचे किमान एक उत्तर बदलले होते (१९९७).

भारतात गुरमीत सिंग व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ५१ घटनांची श्रेणी तयार केली. पुत्र नसणे, मुलीचे वा अवलंबून असलेल्या बहिणीचे लग्न, पिकांचे नुकसान या घटना तीत आढळतात. विकार न जडताही सामान्य भारतीय माणूस आयुष्यात सरासरी दहा ताणजन्य घटनांतून जातो, असा तिचा निष्कर्ष होता. ही श्रेणी आघाताची नव्हे, ताणाची आहे. पण यादी कोणत्या समाजात बसून लिहिली जाते, हे तिच्यावरून जितके उमजते तितके अन्य कशावरून क्वचितच उमजेल.

१९९८ च्या डेट्रॉइट अभ्यासात सर्वाधिक आढळलेला आघात होता जिवलगाचा अकस्मात मृत्यू. विकृतीच्या सुमारे एकतृतीयांश प्रकरणांचे मूळ तोच होता. २०१३ च्या डीएसएम-५ ने व्याख्या पुन्हा आवळली. आप्ताच्या मृत्यूची केवळ वार्ता कळली असेल, तर तो मृत्यू हिंसक वा अपघाती असणे आवश्यक ठरले. २०२० व २०२१ मध्ये कोविडने रुग्णालयात दगावलेल्यांच्या मृत्यूची बातमी असंख्य कुटुंबांना दूरध्वनीवरूनच कळली. या निकषाच्या काटेकोर वाचनानुसार त्या कुटुंबीयांचा हा अनुभव आघातांच्या यादीत बसत नाही.