विवाहाच्या बाजारांतील चार शब्द

व्यापारी जेव्हां जाहिरात देतो, तेव्हां ती वाचून वाचकानें कांहींतरी करावें अशी त्याची इच्छा असते. वाचकानें दुकानांत यावें, पत्र पाठवावें, निदान मालाचें नांव तरी ध्यानांत ठेवावें. म्हणून बहुतेक जाहिरातींचें शेवटचें वाक्य आज्ञार्थी असतें: 'आजच भेट द्या', 'एकवार खात्री करून घ्या', 'संधि दवडूं नका'. आपल्याकडील लग्नपत्रिकेंतही 'अगत्य येण्याचें करावें' हें वाक्य असतें. पण तें यजमानाच्या तोंडीं असतें आणि त्याच्या पाठीशीं आप्तपणा असतो. लग्नाच्या निमित्तानें माल विकणाऱ्या व्यापाऱ्याचें तसें कांहीं नातें नसतें. एका अत्यंत खाजगी प्रसंगीं तो परक्यासारखा दारांत उभा असतो, आणि त्याचें गिऱ्हाईकही, देवाच्या कृपेनें, बहुधा एकदांच येणारें असतें. उतावळेपणानें हांक मारावी तर प्रसंगाचें गांभीर्य भंगतें. गप्प बसावें तर शेजारचा दुकानदार गिऱ्हाईक नेतो. अशा धंद्यांत आवाहन कसें लिहावें ह्या प्रश्नाचें विसाव्या शतकांतील सर्वांत यशस्वी उत्तर अमेरिकेंतील एका स्त्रीनें १९४७ सालीं चार शब्दांत लिहून ठेवलें. मूळ इंग्रजींतील त्या शब्दांचा अर्थ एवढाच कीं, 'हिरा चिरंतन असतो.'

त्या चार शब्दांमागची हकीकत खाणींपासून सुरू होते. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगाला ठाऊक असलेला हिरा मुख्यतः हिंदुस्थानचा होता. गोवळकोंड्याच्या राज्यांतील खाणी पाहून ताव्हेर्निये ह्या फ्रेंच जवाहिऱ्यानें सतराव्या शतकांत त्यांचें वर्णन लिहिलें आहे. पुढें ब्राझीलमध्यें हिरे सांपडले. तरीही हिरा ही राजेरजवाड्यांचीच वस्तु राहिली. १८६७ सालीं दक्षिण आफ्रिकेंत ऑरेंज नदीच्या परिसरांत एका मुलाला चकाकणारा खडा सांपडला, आणि १८७१ पासून किंबर्लेच्या खाणी खणल्या जाऊं लागल्या. तेथून हिरे इतके निघूं लागले कीं, ज्या दुर्मिळपणावर त्यांची किंमत उभी होती तो दुर्मिळपणाच संपण्याचें भय उत्पन्न झालें. सेसिल ऱ्होड्सनें १८८८ सालीं ह्या खाणी 'डी बिअर्स' ह्या एका कंपनीच्या छत्राखालीं आणल्या, त्या ह्याच भयामुळें. बाजारांत किती हिरे सोडावयाचे हें एकाच हातानें ठरविलें म्हणजे भाव टिकतो, हा त्याचा हिशेब होता आणि तो दीर्घकाळ खरा ठरला.

पुरवठा असा मुठींत आला, पण मागणी आली नाहीं. १९२९ सालीं अर्न्स्ट ओपनहायमर कंपनीचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षीं अमेरिकेंत महामंदीस आरंभ झाला. यूरोपांत वाङ्‌निश्चयाच्या अंगठींत हिरा घालण्याची चाल फारशी पसरलेली नव्हती आणि तेथें युद्धाचे ढगही जमूं लागले होते. उरली अमेरिका. कंपनीचे सुमारें तीन चतुर्थांश हिरे तेथील वाङ्‌निश्चयाच्या अंगठ्यांत जात. परंतु तेथील तरुण पूर्वींपेक्षां लहान व हलके खडे घेऊं लागले होते. म्हणून १९३८ सालीं अर्न्स्ट यांचे चिरंजीव हॅरी ओपनहायमर न्यूयॉर्कला गेले आणि एन. डब्ल्यू. आयर ह्या जुन्या व प्रतिष्ठित जाहिरातसंस्थेच्या प्रमुखांस भेटले.

येथें एक चमत्कारिक अडचण होती, आणि माझ्या मतें पुढील सर्व यशाचें मूळ त्या अडचणींतच आहे. अमेरिकेंत मक्तेदारीविरुद्ध कडक कायदा होता. डी बिअर्सला त्या देशांत उघडपणें धंदा करतां येत नव्हता. १९४५ सालीं तर अमेरिकन सरकारनें तिच्यावर दावाच लावला. त्यामुळें 'आमच्या दुकानीं या' असें म्हणण्याची सोयच नव्हती, कारण दुकानच नव्हतें. किंमत सांगावी, माल दाखवावा, पत्ता द्यावा, हीं जाहिरातींतील सर्व नेहमींचीं हत्यारें जणूं काढून घेतलेलीं होतीं. आयर संस्थेनें मग वस्तूची जाहिरात सोडून दिली आणि एका चालीची जाहिरात आरंभिली. तिनें डेरां, डाली, पिकासो, द्युफी अशा नामांकित चित्रकारांचीं चित्रें छापून हिऱ्याला कलेच्या पंक्तीस बसविलें. नटींच्या हातांतील अंगठ्यांच्या वार्ता ती वर्तमानपत्रांस पुरवूं लागली. माध्यमिक शाळांतून मुलींपुढें वाङ्‌निश्चयाच्या अंगठीवर व्याख्यानें देवविण्याची योजनाही तिनें आंखली. बाकीच्या युक्त्यांचें एक वेळ कौतुक करतां येईल, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना वर्गांत बसवून त्यांच्या भावी नवऱ्याच्या खर्चाचें माप त्यांच्या मनांत भरविणें हें कोणत्याही देशांत शिक्षण म्हणून खपूं नये.

फ्रान्सिस गेरेटी ही ह्या संस्थेंत १९४३ सालीं दाखल झाली. सर्व जाहिरातींच्या तळाशीं शोभेल असें एखादें वाक्य तिच्याकडून हवें होतें. १९४७ मध्यें एका रात्रीं, दिवसभराच्या कामानें थकलेली असतांना, तिनें कागदाच्या कपट्यावर तें खरडलें. दुसऱ्या दिवशीं सहकाऱ्यांस तें फारसें रुचलें नाहीं. त्यांची तक्रार व्याकरणाची होती. इंग्रजींत तो शेवटचा शब्द क्रियाविशेषण आहे, आणि 'हिरा आहे' ह्या क्रियापदाशीं त्याचा मेळ नीट बसत नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें. तरी वाक्य स्वीकारलें गेलें आणि १९४८ पासून छापलें जाऊं लागलें. गेरेटीनें पुढें सुमारें पंचवीस वर्षें ह्याच कंपनीसाठीं मजकूर लिहिला. स्वतः तिनें लग्न केलें नाहीं. १९९९ सालीं जाहिरातधंद्याच्या एका प्रमुख नियतकालिकानें तिचें वाक्य शतकांतील सर्वश्रेष्ठ घोषवाक्य ठरविलें, आणि त्याच वर्षीं ती निवर्तली.

ह्या वाक्यांत आज्ञा नाहीं, विनंति नाहीं, 'घ्या' हा शब्दही नाहीं. रूपानें तें एक साधें विधान आहे. परंतु तें वाचणाऱ्या तरुणाच्या मनांत लगेच एक अनुमान उभें राहतें: प्रेम चिरंतन असावें अशी माझी प्रतिज्ञा आहे, हिरा चिरंतन आहे, तेव्हां हिरा न देणें म्हणजे प्रतिज्ञेंत कांहीं उणें ठेवणें. ही आज्ञा व्यापाऱ्यानें दिलेली नसते, ती वाचक स्वतःच स्वतःस देतो. आणि स्वतः दिलेल्या आज्ञेशीं घासाघीस करतां येत नाहीं. दुसरा अर्थ याहून व्यावहारिक आहे. हिरा झिजत नाहीं, म्हणून आजवर विकला गेलेला प्रत्येक हिरा कोणाच्या तरी पेटींत शाबूत असतो. ते सर्व खडे उद्यां बाजारांत आले तर खाणीच्या मालास कोण विचारील? 'चिरंतन' ह्या एका शब्दांत 'विकत घ्या' आणि 'कधींही विकूं नका' अशा दोन्ही सूचना आहेत. दुसरी सूचना कंपनीस पहिलीइतकीच मोलाची होती.

आकडे मोठे आहेत. १९३९ मध्यें डी बिअर्सचा अमेरिकेंतील घाऊक खप दोन कोटि तीस लक्ष डॉलरांचा होता, तो १९७९ पर्यंत दोनशें कोटींच्या वर गेला. मात्र हें सर्व श्रेय जाहिरातीलाच द्यावें कीं काय, याविषयीं शंका घेण्यास जागा आहे. मार्गारेट ब्रिनिग ह्या कायदेपंडितेनें १९९० सालीं एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. पूर्वीं अमेरिकेंत वाङ्‌निश्चय मोडणाऱ्या पुरुषावर वचनभंगाची फिर्याद करतां येत असे. १९३५ पासून इंडियाना व त्यामागून इतर संस्थानांनीं हा हक्क काढून टाकला, आणि हिऱ्याच्या अंगठीची मागणी त्याच सुमारास, म्हणजे ओपनहायमर न्यूयॉर्कला येण्यापूर्वींच, वाढूं लागली होती. न्यायालयानें पाठ फिरविल्यावर मुलीच्या हातीं कांहीं तारण असावें असें लोकांस वाटूं लागलें. तें तारण म्हणजे अंगठी. हें मत मला पटतें. गेरेटीच्या वाक्यानें गरज निर्माण केली नाहीं, तर भटकत असलेल्या एका गरजेस नांव दिलें.

गरज नसली म्हणजे काय होतें, याचेंही उदाहरण त्याच देशांत आहे. १९२६ सालीं तेथील जवाहिऱ्यांनीं पुरुषांसाठीं वाङ्‌निश्चयाची अंगठी काढली. तिच्या प्रकारांना 'वैमानिक', 'काळवीट', 'धनी' अशीं मर्दानी नांवें दिलीं, मोठमोठ्या जाहिराती लावल्या. पण कोणी ती घेईना. गंमत अशी कीं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लग्नाची साधी अंगठी पुरुषही घालूं लागले आणि ती चाल टिकली. दूरच्या आघाडीवर जाणाऱ्या शिपायाला घरच्या आठवणीची खूण हवी होती. सोनारांनीं तेव्हां फारसें ओरडावें लागलें नाहीं.

एकदां हात बसल्यावर मात्र डी बिअर्सचीं आवाहनें पूर्वींइतकीं सोज्वळ राहिलीं नाहींत. अंगठीवर किती खर्चावें हें कंपनीच सांगूं लागली. आरंभीं एका महिन्याच्या पगाराची गोष्ट होती. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील जाहिरात विचारूं लागली कीं, दोन महिन्यांचा पगार कायमचा टिकविण्याचा याहून दुसरा मार्ग कोणता? जपानांत हेंच माप तीन महिन्यांचें झालें. ह्या प्रश्नाची धूर्तता अशी कीं, तो गरिबालाही सुटका देत नाहीं. ज्याचा पगार थोडा त्याचा खर्च थोडा, पण त्याग मात्र सारखाच. जपानांत १९६७ सालीं मोहीम सुरू झाली तेव्हां वाङ्‌निश्चयाला हिऱ्याची अंगठी घेणाऱ्या वधू शेंकडा पांचही नव्हत्या. १९८१ पर्यंत त्या शेंकडा साठ झाल्या. शतकानुशतकें चालत आलेल्या विवाहविधींच्या देशांत एक परकी चाल चौदा वर्षांत रूढ होते, हें जाहिरातीच्या सामर्थ्याचें अमेरिकेहूनही भयंकर प्रमाण आहे. सायबेरियांतील खाणींतून बारीक खडे मोठ्या संख्येनें येऊं लागले तेव्हां त्यांच्यासाठीं बऱ्याच वर्षांच्या संसारानंतर पत्नीला देण्याची बारीक हिऱ्यांची वेगळी अंगठी निघाली. जो पाहुणा एकदांच येणार होता, त्यालाही पुन्हा बोलावण्याची युक्ति अशी सांपडली.

आपल्याकडे हिरे पूर्वींही होते. हिऱ्यांच्या कुड्या कांहीं सुखवस्तु घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. आज तर जगांतील बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेंत, आणि यंत्रांत कांहीं आठवड्यांत घडविलेले कृत्रिम हिरेही तेथें मोठ्या प्रमाणावर होतात. स्वतः डी बिअर्सनें २०१८ सालीं अशा कृत्रिम हिऱ्यांचे दागिने विकावयास काढले. वाङ्‌निश्चयाला एकखडी हिऱ्याची अंगठी घालण्याची रीत मुंबई-पुण्याच्या मध्यम वर्गांतही आतां शिरली आहे. तिला माझा विरोध नाहीं. हौसेला मोल नसतें. पण आपल्या आज्यांनीं पाटल्या आणि गोठ जपले ते निराळ्या हिशेबानें. तें स्त्रीधन होतें. मुलाची परीक्षेची फी, नवऱ्याचें आजारपण, एखाद्या वर्षाचा दुष्काळ, अशा वेळीं पाटली गहाण पडे, सुटे, पुन्हा पडे. प्रसंगीं मोडलीही जाई, आणि तिच्या वजनाचे पैसे मिळत. सोन्याबद्दल तें कधींही विकूं नये असें कोणीं सांगितलें नव्हतें. उलट, अडचणीला उपयोगी पडेल असेंच सांगितलें जाई. हिऱ्याच्या अंगठीस हें जमत नाहीं. दुकानदार आपला नफा, घडणावळ आणि मधल्या हातांचा वांटा किंमतींत धरून विकतो, आणि परत घेतांना तें सर्व वजा करतो. बारीक खड्यांचे तर कित्येक ठिकाणीं कांहींच देत नाहींत. अडचणींत सांपडलेली बाई अंगठी घेऊन सोनाराकडे जाते, तेव्हां तो खडा काढून कागदाच्या पुडींत बांधून तिच्या हातीं परत देतो आणि उरलेली कडी कांट्यावर टाकून त्या दिवसाचा भाव सांगतो.