आकाशांतील हिंवाळा आणि मुकें विमान

जून महिन्यांतली गोष्ट सांगतांना हिंवाळ्याचें नांव घ्यावें, हें आपणांस विचित्र वाटेल. परंतु वैमानिकाचा हिंवाळा पंचांगावर अवलंबून नसतो. तो उंचीवर अवलंबून असतो. दहा-बारा हजार फुटांवरील ढगांत शिरलेल्या विमानाला भर उन्हाळ्यांतही बर्फ गांठतें. १९१९ सालीं दोन ब्रिटिश वैमानिकांना हा अनुभव आला, आणि तोही विमानांतील जनित्र निकामी झाल्यावर.

कॅप्टन जॉन अल्कॉक व लेफ्टनंट आर्थर व्हिटन ब्राउन हे १४ जून रोजीं दुपारीं न्यू फाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथून व्हिकर्स व्हिमी जातीच्या विमानानें निघाले. वाटेंत न थांबतां अटलांटिक ओलांडणारास लंडनच्या ‘डेली मेल’ पत्रानें १०,००० पौंडांचें बक्षीस लावलें होतें. विमान लांकडाचें व कापडाचें. एंजिनें दोन, प्रत्येकीं ३६० अश्वशक्तीचीं. पेट्रोल ८६५ गॅलन. आणि बसण्याची जागा उघडी. दोघेही महायुद्धांत शत्रूच्या बंदिवासांत राहून आलेले; ब्राउन तर पायानें अधू झालेले.

वाऱ्याच्या जोरानें फिरणारें एक लहानसें जनित्र विमानाला वीज पुरवीत असे. निघाल्यावर थोड्याच तासांत तें बंद पडलें. बिनतारी यंत्र मुकें झालें. एकमेकांशीं बोलण्याची सोयही गेली, आणि लवकरच एका एंजिनाची धूर सोडणारी नळी फुटून असा गडगडाट सुरू झाला कीं ओरडून बोलणेंही व्यर्थ. विजेनें तापणाऱ्या पोशाखांची ऊब शेवटपर्यंत टिकली नाहीं.

अशा प्रसंगीं काय गेलें याचा शोक करण्यापेक्षां काय उरलें याचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. एंजिनांतील ठिणगी जनित्रावर अवलंबून नव्हती. ती एंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोंतून मिळत होती. म्हणून वीज गेली तरी एंजिनें चालूच राहिलीं. संभाषणाऐवजीं ब्राउन कागदावर सूचना लिहून अल्कॉक यांच्यापुढें धरूं लागले. बिनतारी यंत्राची जागा सेक्स्टंटनें घेतली. रात्रीं सव्वाबाराच्या सुमारास ढगांच्या फटींतून तारे दिसले, आणि विमान मार्गावर आहे अशी ब्राउन यांची खात्री पटली.

खरी कसोटी पहाटे लागली. दाट ढगांत क्षितिज दिसेना, वेगमापक अडकून पडला, आणि तोल गेलेलें विमान गिरक्या घेत कोसळूं लागलें. ढग संपून समुद्र दिसला तेव्हां उंची सुमारें शंभर फूटच उरली होती. तेवढ्यांत अल्कॉक यांनीं विमान सांवरलें. पुढें हिमवर्षावानें पेट्रोलचें बाहेर बसविलेलें मापक झांकून टाकलें. तें ब्राउन यांनीं जागेवरून उठून, वाऱ्याचा मारा सोसत, पुसून काढलें. ते पंखांवर चालत जाऊन एंजिनांवरचा बर्फ खरवडीत होते अशी दंतकथा पुढें रूढ झाली. पण त्यांच्या १९२० सालच्या स्वतःच्या पुस्तकांत ती नाहीं. खऱ्या धैर्याला अशा अलंकाराची गरजही नाहीं.

१५ जूनच्या सकाळीं सुमारें सोळा तासांनीं, १८९० मैल कापून, विमान आयर्लंडमधील क्लिफ्डनजवळ उतरलें. वरून हिरवें कुरण वाटलेली जागा दलदल निघाली. विमानाचें नाक चिखलांत रुतलें, पण दोघेही सुखरूप राहिले. दोघांनाही ‘सर’ ही पदवी मिळाली. मात्र अल्कॉक यांना ती फार दिवस भोगतां आली नाहीं. त्याच वर्षीं डिसेंबरांत फ्रान्समध्यें रूआँजवळ, धुक्यांत, त्यांना विमानअपघातांत मृत्यु आला.

आज वेगमापकाची नळी विजेनेंच तापवितात; त्यामुळें वीज जाणें आणि बर्फ गांठणें हीं दोन संकटें एकमेकांच्या अधिकच जवळ आलीं आहेत. म्हणूनच मोठ्या विमानांत जनित्रें एकाहून अधिक असतात, शिवाय बॅटरी असते. वैमानिकाला शिकवितात तें असें: प्रथम विमान ताब्यांत ठेवा, अनावश्यक उपकरणें बंद करून उरलेली वीज वांचवा, बर्फाच्या ढगांतून बाहेर पडा, आणि जवळच्या सुरक्षित जागीं उतरा. अल्कॉक व ब्राउन यांना समुद्रावर उतरायला जागा नव्हती. उरलेल्या साधनांचा नेटका उपयोग करीत पुढें जाणें, एवढेंच त्यांच्या हातीं होतें, आणि तें त्यांनीं केलें.